सोळावी जागा

यंदा अकोल्याच्या मुलींच्या हॉकी स्पर्धेत दोन गट होणार, असं पत्र आलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. चौदा वर्षांखालच्या पोरी. त्यातल्या तयार पोरी अ गटात, नव्या आणि होतकरू ब गटात. आजवर आम्ही अमरावतीहून एकच संघ न्यायचो. सोळा पोरी खेळायच्या आणि उरलेल्या कडेला बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. यंदा माझ्या तीसच्या तीस पोरी खेळणार होत्या, सोळा अ मध्ये आणि चौदा ब मध्ये. ऐकायला किती छान वाटतं! पण तीस पोरींचे दोन ढीग करायचे म्हणजे काय असतं, हे ज्यानं कधी केलं नाही त्यानं मला शहाणपणा शिकवू नये.

मी माया. सकाळी शाळेत खेळाचा तास घेते आणि संध्याकाळी मैदानावर या पोरींना हॉकी शिकवते. आवाज मोठा, राग नाकावर. हिचं नाव माया कोणी ठेवलं, असं पोरी पाठीमागे म्हणतात आणि पाठीमागे म्हणतात ते मला सगळं ऐकू येतं.

तर मी एक तक्ता केला. पळणं, चेंडू सोबत नेणं, अडवणं, पास देणं, गोलावर मारणं, आणि सहावा रकाना डोकं. प्रत्येकात दहापैकी मार्क. तीन संध्याकाळी मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून एकेकीला घाम फुटेपर्यंत पळवलं. एकोणतीस पोरींचे सहाही रकाने भरले. तिसाव्या पोरीच्या नावापुढचे सहाही रकाने मी कोरे ठेवले. ती तिसावी पोरगी रागिणी. रागिणी माझी मुलगी.

याला कारण होतं. गेल्या वर्षी रागिणीला कॅप्टन केलं तेव्हा पालकांच्या ग्रुपवर एका बाईनं लिहिलं होतं, ‘मॅडम घरच्या, कॅप्टनही घरचीच.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. बारा चेहरे होते, मी मोजले. वर्षभर ते बारा चेहरे माझ्या डोक्यातून गेले नाहीत. यंदा कोणाला तोंड उघडायला जागा ठेवायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि नेमकी यंदाचीच जागा मोलाची होती. अ गटाचे सामने बघायला एका निवासी क्रीडा शाळेची माणसं येणार होती. तिथे निवड झाली की राहणं, शिकणं, खेळणं एकाच ठिकाणी, आणि सराव हिरव्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. रागिणीनं तशा मैदानावर एकदाच पाय ठेवला होता, नागपूरला, आणि परत येताना गाडीत तिनं दुसरा विषय काढला नव्हता. मार्चमध्ये तिला चौदा पूर्ण होतात. पुढच्या साली ती या वयोगटात बसणारच नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच.

कोऱ्या रकान्यांचं काय करायचं, तर ते मी खुशालरावांच्या गळ्यात टाकले. खुशालराव माझे गुरू. रेल्वेकडून खेळलेले, आता चौऱ्याहत्तरीचे, राहतात धामणगाव रेल्वेला. निवडीच्या तिन्ही दिवशी ते येऊन कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्या हातात यादी दिली आणि म्हणाले, “सर, रागिणीले अ मध्ये घेऊ का नको, तुमीच ठरवा. मी मार्क नाही दिले. लोकायची बोलणी नको मले.”

सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, यादीची घडी केली आणि खिशात घातली. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेच्या फोनवरून त्या यादीचा फोटो आला. सर अ, ब असं काही लिहीत नाहीत. त्यांचे शेरे असतात. पंधरा पोरींपुढे ‘पक्की’ होतं. तेरा पोरींपुढे ‘अजून वेळ आहे’. कहकशाँपुढे ‘पाय चांगले, चालेल’. आणि रागिणीपुढे दोनच शब्द, पेन्सिलीनं. ‘राहू दे.’

मी ते वाचलं आणि मला हायसं वाटलं. राहू दे, म्हणजे नको घेऊस, जाऊ दे, कशाला ती कटकट. सरांनीच सांगितलं, आता माझ्यावर कशाचीच जबाबदारी नाही. सोळाव्या जागेवर मी कहकशाँचं नाव लिहिलं आणि रागिणीचं ब गटात पहिलं. तरीही हात फोनकडे गेला. सरांना विचारून घ्यावं, दोन मिनिटांचं काम. नंबर काढला आणि ठेवून दिला. संध्याकाळी पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तर रिंग जायच्या आत कापला.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या खोलीच्या दारावर यादी लावली. पोरींची झुंबड उडाली. कहकशाँ बारा वर्षांची, चणीनं बारकी. आपलं नाव अ मध्ये पाहून तिनं अशी किंकाळी फोडली की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. रागिणीनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग बाजूला बसून तिनं बुटांची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मी वाट पाहत होते की ही आता भांडेल, रडेल, निदान विचारेल. घरी जाताना स्कूटीवर मीच म्हणाले, “सरनंच ठरवलं बरं का.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. तेवढंच. जेवताना तिनं वरण मागितलं आणि ताट धुऊन ठेवलं. ती भांडली असती तर मला झोप लागली असती.

शनिवारी पहाटे आमची मिनीबस निघाली. सोबत पालकांतर्फे कहकशाँची नानी हाजराबी होत्या. मांडीवर पुऱ्यांचा मोठा डबा घेऊन त्या पुढच्याच सीटवर बसल्या होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मला दोनदा सांगितलं की कहकशाँचं नाव अ मध्ये आल्यावर तिच्या अब्बूंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मागे पोरी गाणी म्हणत होत्या. रागिणी खिडकीला डोकं लावून बाहेरची तूर बघत होती. मी आरशातून तिच्याकडे बघायची आणि तिनं पाहिलं की नजर काढून घ्यायची.

अकोल्याला मैदानं दोन. अ गटाचे सामने पुढच्या मोठ्या मैदानावर, मांडव, माइक, खुर्च्या सगळं तिथे. ब गट मागे, भिंतीपलीकडच्या मैदानावर, जिथे चेंडूपेक्षा मुरूमच जास्त उडतो. दोन्हीकडचे सामने एकाच वेळी. एक बाई दोन संघांची शिक्षिका कशी असणार, हा विचार पत्र लिहिणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नव्हता. मी पुढच्या मैदानावर उभी राहिले.

मांडवाच्या कडेला क्रीडा शाळेची तीन माणसं वह्या घेऊन बसली होती. समोरचा संघ अंगानं थोराड. माझ्या पंधरा पोरी त्यांना पुरून उरत होत्या, पण उजव्या बाजूला कहकशाँ नुसती धावत होती. पाय चांगले, सरांनी खोटं लिहिलं नव्हतं. चेंडू जिथे असेल तिथे ती पोचायची, पण ती पोचेस्तोवर तो निघून गेलेला असायचा, किंवा कोणीतरी खांदा लावून तिला बाजूला सारायची. पहिल्या अर्ध्यात तिची काठी चेंडूला चारदा लागली आणि दोनदा ती पडली. प्रत्येक वेळी उठून माझ्याकडे बघायची. मी ओरडायची, “चाल, चाल! काही नाही झालं!” आणि मला कळत होतं की काहीतरी झालेलं आहे.

मागून भिंतीपलीकडून शिटी वाजली. मी पळत मागे गेले. ब गटात आम्ही तीन गोलांनी पुढे. पुन्हा पळत पुढे. परत शिटी. मागे गेले तर सहा. कोणी मारले विचारलं तर राखीव पोरी म्हणाल्या, रागिणीनं. सगळे? सगळे. माझा एक नियम आहे, पोरींना पाठ आहे: समोरचा संघ कमजोर असला तर तीन गोल झाले की मारायचं थांबवायचं, पास द्यायचे, ज्या पोरीनं कधी गोल केला नाही तिच्या काठीपर्यंत चेंडू न्यायचा. हा नियम रागिणीनं आजवर कधी मोडला नव्हता. मी कडेवरून तिला हाक मारली. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या मैदानावरून चेंडू घेऊन सातवा मारला. समोरची गोलकीपर दहा-अकरा वर्षांची असेल, पॅडमध्ये बुडालेली. ती तिथेच बसली आणि हेल्मेटच्या आत रडायला लागली.

पुढच्या मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या. मला तिकडे जायला हवं होतं. मी गेले.

दुपारी ब गटाचा दुसरा सामना होता, अकोल्याच्याच एका क्लबशी. त्यांचा शिक्षक गजेंद्र, तिशीतला, टोपी उलटी घातलेला. या सामन्याची पहिली दहा मिनिटंच मला बघायला मिळाली, तेवढ्यात रागिणीचे तीन झाले होते. मग अ गटाची शिटी झाली आणि मी पुढे पळाले. परत येते तर नऊ. ती हसत नव्हती. गोल झाल्यावर पोरी मिठ्या मारायला येत होत्या, तर ती त्यांना चुकवून मधल्या रेषेवर जाऊन उभी राहत होती. सामना संपला आणि गजेंद्र सरळ माझ्यावर चालून आला.

“मॅडम, हे सात नंबरची पोट्टी ब मध्ये काहून खेळून राहिली?”

“यादीत नाव आहे तिचं.”

“ते दिसून राहिलं मले. नऊ मारले तिनं. सकाळी सात. माह्या पोरी चार महिन्यांपासून स्टिक धरून राहिल्या अन् तुमी त्यायच्यावर हे सोडता? कप न्याचा होता तं सांगायचं, आमी तसाच पाठवला असता अमरावतीले!”

माझ्या कानशिलाला आग लागली. मी म्हणाले, तोंड सांभाळून बोला. तो म्हणाला, मी टेबलावर तक्रार देतो. मी म्हणाले, खुशाल द्या. मला खरंच वाटत होतं की माझी बाजू पोलादी आहे. स्वतःच्या पोरीला वर न घेता खाली ठेवणारी बाई मी. माझ्यावर आणखी कुठला आरोप येणार?

टेबलावर स्पर्धेचे प्रमुख भगवंतराव बसले होते, जुने पंच, गळ्यात अजून शिटी. शेजारी गुण लिहिणारे चौघं. भगवंतरावांनी तक्रार वाचली, रागिणीचं नाव पाहिलं, मग माझं नाव पाहिलं. आडनाव एकच.

“हे तुमची कोन?”

“मुलगी.”

गजेंद्रनं कपाळावर हात मारला. “घ्या! म्हणजे सोताच्या पोरीच्या हातात कप पाहिजे म्हणून!”

वर घेतली असती तर घरची म्हणून घेतली असती, खाली ठेवली तर घरची म्हणून ठेवली. बारा हसऱ्या चेहऱ्यांना टाळायला मी जी वाट धरली होती, ती फिरून तिथेच आली होती. मी पर्समधून फोन काढला, फोटो उघडला आणि टेबलावर आपटला. “मी नाही ठरवलं. खुशालराव सरनं ठरवलं. वाचा.”

भगवंतराव सरांना ओळखत होते. त्या वयाचा प्रत्येक हॉकीवाला ओळखतो. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “राहू दे,” त्यांनी वाचलं. “मंग? सरनं तं लिहिलं, राहू दे म्हनून.”

“हो ना. राहू दे. म्हणजे नको.”

“नको काहून? राहू दे म्हणजे असू दे. अ मध्ये राहू दे.”

“असं कसं?” टेबलावरचा एक जण मध्ये पडला. “आता मी तुमाले चहा इचारला अन् तुमी म्हनले राहू दे, तं मी चहा आनीन काय?”

“अन् आपली बायको डब्यातली भाजी फेकाले निघाली अन् आपण म्हटलं राहू दे,” दुसरा म्हणाला, “तं तिनं फेकाची काय?”

पाच जणांचे बघता बघता दोन पक्ष झाले. एक म्हणे ठेव, एक म्हणे सोड. गजेंद्र तक्रार विसरून त्यात पडला, त्याच्या मते हे बोलणाऱ्याच्या आवाजावर असतं. पेन्सिलीला आवाज नव्हता. शेवटी भगवंतराव वैतागून म्हणाले, “मॅडम, लिहिनारा माणूस जिवंत आहे ना? लावा फोन.”

चौथ्यांदा हा नंबर काढत होते. स्पीकरवर सरांचा आवाज आला, मागे कुठेतरी गाडीचा भोंगा. भगवंतरावांनी सगळं सांगितलं.

“रागिणी ब मध्ये खेळून राहिली?” सर म्हणाले.

“हो सर. तुमीच लिहिलं ना, राहू दे,” मी म्हणाले.

“मंग राहू दे म्हणजे राहू दे! तू मले इचारलं, अ मध्ये घेऊ का नको. मी लिहिलं, राहू दे. काढाची असती तं काढ लिहिलं असतं. तीस पोरीयत सगळ्यात चांगली पोट्टी आहे ते, तिच्यासाठी मी काय निबंध लिहू?” मग आवाज खाली आला, आणि तो मला जास्त लागला. “माया, एक फोन नाही लावता आला तुले?”

टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “राहून गेलं सर.” हे खोटं होतं. राहून गेलं नव्हतं. मी फोन केला असता तर सर म्हणाले असते घे, आणि मग मला तिला घ्यावं लागलं असतं. मला ‘नको’ हवं होतं. दोन अर्थांचा शब्द हातात आला आणि मी त्यातला माझ्या सोयीचा अर्थ उचलला, आणि तोच अर्थ राहावा म्हणून फोन लावला नाही. त्या मांडवात, सहा परक्या माणसांसमोर, हे मला पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. शरमेनं मान वर होईना.

भगवंतरावांनी निकाल दिला. सात नंबरची मुलगी ब गटात यापुढे खेळणार नाही, तक्रार योग्य आहे. दोन्ही सामने रद्द धरले जातील. अ गटात घ्यायची तर चार वाजेपर्यंत एक बदल चालेल, पण अ मध्ये सोळाच नावं. एक वर आली की एक खाली जाईल. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. घड्याळात साडेतीन झाले होते.

गजेंद्र जाताना थबकला. “मॅडम, मले वाटलं तुमी कप चोरून राहिल्या,” तो टोपी सरळ करत म्हणाला. “आता काय वाटून घ्याचं तेच समजून नाही राहिलं.” मला त्याचा रागही येईना.

फॉर्म घेऊन मी मैदानाला एक फेरी मारली. मग दुसरी. पायांना थांबता येत नव्हतं. पंधरा पोरी पक्क्या होत्या, त्यांतली एकही हलवण्यासारखी नव्हती. सोळावी कहकशाँ. तिला उद्या पुन्हा त्या थोराड पोरींच्या खांद्यांत सोडायचं, हे शिक्षक म्हणून चूक होतं. पण तिला मी वर चढवलं होतं. गल्लीत पेढे वाटले गेले होते. आता मॅडमची पोरगी आली म्हणून तिला उतरवायचं. ग्रुपवर काय येईल ते मला शब्दन् शब्द दिसत होतं, आणि यावेळी ते खोटं आहे असं मला म्हणता आलं नसतं. रागिणी अ मध्ये गेली नाही तर ती कुठेच खेळणार नव्हती; उद्या ती तीन माणसं वह्या मिटून निघून जातील आणि मार्चमध्ये तिला चौदा पूर्ण होतील. चारला दहा कमी असताना मी मांडवाच्या खांबावर फॉर्म ठेवून दोन्ही नावं लिहिली आणि सही केली. सही वाकडी आली.

फॉर्म देण्याआधी मी कहकशाँला शोधलं. ती नानीच्या डब्यापाशी बसली होती, ढोपराला हळद लावून. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. यादी करताना माझ्याकडून चूक झाली. उद्या तू ब मध्ये खेळशील, उजवीकडून, तिथे तुझ्या पायांना जागा मिळेल. रागिणी अ मध्ये जाईल.

“मी वाईट खेळली का मॅडम?”

“नाही. मी यादी वाईट केली.”

तिनं मान हलवली आणि मग तिचे ओठ मुडपले. ती रडली तेव्हा आवाज केला नाही. तिनं नुसती जर्सीची बाही तोंडात धरली. हाजराबींनी तिला जवळ ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये पुरी पुढे करणारा चेहरा तो नव्हता.

“बाई,” त्या म्हणाल्या, “चूक तुमी केली अन् खाली उतरली माही पोट्टी.”

मी उठले, टेबलावर फॉर्म दिला. भगवंतरावांनी त्यावर शिक्का मारला.

रागिणी मागच्या मैदानावर एकटी होती. सगळे गेले होते. ती चेंडू भिंतीवर मारत होती, परत आलेला अडवत होती, परत मारत होती. मी आल्याचं तिला कळलं, तरी ती थांबली नाही.

“उद्या अ मध्ये आहेस तू,” मी म्हणाले.

“सांगितलं पोरीयनं.” चेंडू भिंतीवर. “कहकशाँ रडली का?”

“हो.”

तिनं चेंडू पायाखाली धरला. मला वाटलं ती आनंदानं काही बोलेल. ती नुसती उभी होती, कपाळावर मुरमाची लाल धूळ, घामाच्या रेघा. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि मी काय केलं, तर तिला रागावले. दुसरं मला काही येत नाही.

“सोळा गोल मारले तू आज. सोळा! समोर बारक्या पोरी होत्या, एक तं रडत बसली. तीन झाले की थांबाचं, हे मी किती वेळा सांगितलं? तुले सोताले समजत नाही का?”

“समजते.”

“मंग काहून मारले?”

तिनं स्टिकनं मुरमात एक रेघ ओढली, मग तिच्यावरच दुसरी. “तीन झाल्यावर मी थांबली होती,” ती म्हणाली. “तू आली होती ना मागं, पाह्यलं अन् गेली. मंग मी चौथा मारला. वाटलं, आता तरी कोनी म्हणेल का हे पोट्टी इथली नाही. कोनीच नाही म्हटलं. मंग पाचवा मारला. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. सातव्याच्या आधी तू आवाज दिला, पण तू नुसतं म्हटलं थांब.” तिचा आवाज आता फाटला. “दुपारी मी ठरवूनच मारले. कोनी तरी तक्रार करंपर्यंत मारीन म्हटलं. त्या सरनं केली तवा मले इतकं बरं वाटलं.”

“मले सांगायचं होतं,” मी म्हणाले. “घरी होतो आपण. चार दिवस होतो.”

रागिणीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

“तू तक्रार करणार नव्हती ना,” ती म्हणाली.

तीन वर्षं मी तिला रोज खेळताना बघत होते. ती किती तयार आहे ते मला सरांच्या शेऱ्याआधी, गजेंद्रच्या तक्रारीआधी माहीत होतं, आणि मी ते एकदाही, कोणालाही, तिलासुद्धा, सांगितलं नव्हतं. ते सांगायला अकोल्याचा एक अनोळखी माणूस लागला, तोही मला चोर ठरवून. मी बोलायला तोंड उघडलं, पण रागिणीनं चेंडू उचलला होता आणि ती पुढच्या मैदानाकडे निघाली होती, तिथे अ गटाच्या पोरी सरावाला जमत होत्या.